गोणपाटातला 'पाट' कुठला?

माशेलची माई

मंडळी, प्रश्न लहान आहे, पण घरात आठवडाभर त्यावरून वाद चाललाय, म्हणून इथे टाकते.

गोव्यात माशेलला आमच्या जुन्या घराच्या मागे दोन खोल्या वाढवतोय. गेल्या सोमवारी कॉलमच्या फळ्या काढल्या आणि मिस्त्री ओरडला, "गोणपाट आणा, गोणपाट!" गदगकडचा एक पोरगा कामावर आहे, तो जोडीदाराला म्हणाला, "गोणी चीला." बिहारचा होता त्याने "बोरा, बोरा" केलं. तीन तोंडं, तीन शब्द, आणि शेवटी सगळे गेले एकाच ढिगाकडे. कॉलमला पोती गुंडाळली, सुतळीने आवळली आणि वरून पाणी मारलं. पावसात खोळ घेऊन उभी राहिलेली माणसंच जणू.

मुलगी आठवीत आहे. तिने विचारलं, "आई, गोण कळलं. पण ह्यात पाट कुठे आहे? त्याच्यावर बसतात म्हणून?" मी म्हटलं, असेल. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे काका म्हणाले, "पोर्तुगीज शब्द तो." आमच्या काकांना शब्दाचं मूळ माहीत नसलं की तो पोर्तुगीज असतो. बटाटा, पाव, चावी, जनेल, तुवालो यांच्या बाबतीत ते बरोबर निघतात, म्हणून बाकीच्या वेळीही धीट असतात.

मला हा शब्द जवळचा आहे. माझ्या बाबांचं साखळीला किराणा दुकान होतं. तांदूळ, साखर, गव्हाचं पीठ, कडधान्य, सगळं पोत्यांतून यायचं. पोत्याच्या तोंडाची शिवण सोडवायची एक युक्ती असते. दोन दोऱ्यांतला नेमका दोरा सापडला की तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्रकन निघतो. चुकीचा धरलात तर गाठ घट्ट होते आणि मग सुरी. मी पाच-सहा वर्षांची असताना बाबा मला मुद्दाम बोलवायचे, "ये, उघड." तो सर्रकन आवाज मला अजून ऐकू येतो. आणि वास! नव्या पोत्याला रॉकेलसारखा वास यायचा. मला वाटायचं, आमच्या दुकानात रॉकेलचा पिंप आहे म्हणून.

रिकामी पोती झटकून, घडी करून कोपऱ्यात रचलेली असत. त्यातलं एक दाराशी पाय पुसायला, एक गायीच्या अंगावर, एक पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, नारळांखाली. आणि पावसात एक कोपरा आत दाबून डोक्यावरून पाठीवर सोडलं की झाली खोळ. आई दुकानातून घरी जेवण करायला अशीच धावायची. छत्री होती, पण ती बाबांची.

तर माझे प्रश्न असे. गोणपाट हा शब्द कुठून आला? त्यातला पाट म्हणजे नक्की काय? आणि तरट, किंतान, बारदान ही त्याचीच नावं की वेगळ्या वस्तू? बाबा चारही शब्द वापरायचे आणि मला वाटतं, त्यांना फरक ठाऊक होता. विचारायचं राहून गेलं.

टवाळ

पाटावर बसवलं, पाटाचं पाणी दिलं, आता गोणपाट. तुमच्या काकांना सांगा, लिस्बनमध्ये जाऊन 'गोणपाट द्या' म्हणा, पोलीस देतील.

मास्तर, डिचोली

माई, तुमच्या मुलीला शाबासकी. प्रश्न नेमका आहे. चाळीस वर्षं मराठी-संस्कृत शिकवलं, हा प्रश्न एकाही पोराने विचारला नाही. (मीही पोरांना विचारला नाही, हे खरं.)

आधी गोण. हा शब्द पोर्तुगीज जहाज मांडवीत शिरण्याच्या दोन हजार वर्षं आधीचा आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'गोणी' आहे. चौथ्या अध्यायात एक लांबलचक सूत्र येतं, 'जानपदकुण्डगोण...' असं सुरू होणारं. त्यात सांगितलंय की धान्य भरायचं साधन असा अर्थ असेल तर रूप 'गोणी' करावं. म्हणजे तुमच्या बाबांच्या दुकानातल्या मालासाठी पाणिनीने नियम करून ठेवला. दुसऱ्या एका सूत्रावर टीकाकार उदाहरण देतात 'पञ्चगोणि', म्हणजे पाच गोण्या देऊन घेतलेलं वस्त्र. पैशांऐवजी धान्याच्या गोणी मोजून खरेदी चालायची, आणि गोणी हे त्याचं माप. आपल्याकडे खंडी-कुडव जसे मापही आणि व्यवहारही, तसंच ते.

एक सापळा सांगून ठेवतो, कारण कोणीतरी त्यात पाय घालणारच. पतंजलीच्या महाभाष्यात 'गो' या शब्दाची लोकांनी बिघडवलेली रूपं दिली आहेत: गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. तिथे गोणी म्हणजे गाय. ते वाचून काही जण म्हणतात, बैलाच्या पाठीवर घालतात म्हणून गोणी. ऐकायला गोड आहे. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या थैलीला मराठीत गोण किंवा गोणी म्हणत, हेही खरं. लमाण आपल्या किनाऱ्यावरचं मीठ अशाच गोण्यांत भरून बैलांच्या तांड्यांनी घाटावर नेत. तरीही गाय आणि थैली हे दोन शब्द एकच असल्याचा पुरावा नाही. नुसते सारखे दिसतात म्हणून सोयरीक जुळवू नये.

आता पाट. संस्कृतात 'पट' म्हणजे कापड, आणि 'पट्ट' म्हणजेही कापड, पट्टी, शिवाय फळी. गोणपाटातला पाट 'पट' पासून आला म्हणावं तर अडचण आहे. एकेरी ट मराठीत येताना मऊ होतो: वटाचा वड झाला, घटाचा घडा झाला. पटाचा पाट होणार नाही. जोडाक्षर असलं की मात्र त्यातलं एक व्यंजन गळतं आणि आधीचा स्वर लांबतो: हस्त-हात, कर्ण-कान, सप्त-सात. तसा पट्ट-पाट. म्हणून गोणपाट म्हणजे गोणीचं पट्ट, गोणीचं कापड. थैली ती गोणी, आणि थैली ज्याची शिवतात ते गोणपाट. आज आपण दोन्हींची सरमिसळ करतो.

तुमची मुलगी अर्धी बरोबर आहे, हेही तिला सांगा. बसायचा पाटही पट्टापासूनच, पण फळी या अर्थाच्या. दोघे एका घरातले, पण एक सुताराकडे गेला आणि एक विणकराकडे.

आणि खरी गंमत पुढे आहे. पट्ट म्हणजे रेशमी वस्त्रसुद्धा! जुन्या मराठीत 'पाटाव' म्हणजे रेशमी वस्त्र. तमिळमध्ये 'पट्टु' म्हणजे रेशीम. आसामात रेशमाच्या एका प्रकाराला आजही 'पाट' म्हणतात, आणि शेजारच्या बंगालात 'पाट' म्हणजे ताग, ज्याची पोती होतात. एकाच शब्दाने एकीकडे नवरीचा शालू विणला आणि दुसरीकडे बटाट्याचं पोतं.

खानापूरकर

मास्तर, मान्य, पण आमच्याकडे कन्नडमध्ये गोणी म्हणजे पोतंच, आणि हा शब्द आम्हाला कोणी संस्कृतातून शिकवला असं वाटत नाही. गदगचा पोरगा 'गोणी चीला' म्हणाला ते अगदी घरगुती बोलणं. तमिळमध्येही 'कोणी' म्हणतात. मूळ आमचं असेल तर?

मास्तर, डिचोली

असूही शकतं. पाणिनीत शब्द सापडला म्हणजे तो संस्कृतात जन्मला असं नाही, त्याच्या काळी तो वापरात होता एवढंच सिद्ध होतं. पण कोणाची कोणी आणि कोणी कोणाकडून नेली, हे मी अंगणात बसून ठरवणार नाही. इंग्रजांनी मात्र आपल्याकडूनच उचलली, त्यांची 'गनी बॅग' म्हणजे आपली गोणी.

म्हापशाचा दुकानदार

माई, तुमचे बाबा आणि माझे वडील एकाच पंथातले. आमचंही होलसेल होतं, म्हापशाला. शुक्रवारी सकाळी पोत्यांवरून उड्या मारत दुकानात शिरावं लागे.

पाणिनीचं मला काही कळत नाही. बारदानाचं कळतं. बारदान म्हणजे वस्तूचं नाव नव्हे, हिशोबाचं नाव. फारसी शब्द आहे, 'बार' म्हणजे ओझं आणि 'दान' म्हणजे ते ठेवायचं भांडं, आपल्या फुलदाणी-अत्तरदाणीतल्या दाणीसारखं. माल ज्यात येतो ते बारदान. पोतं असो, खोका असो, डबा असो. वजन करताना बारदान वजा करायचं. शंभर किलोच्या तागाच्या पोत्याला किलोभर धरत. हा किलो कोणाचा, यावरून आमच्या दारात जितकी भांडणं झाली तितकी कोर्टात झाली नसतील. रिकामं बारदान परत विकलं जायचं, त्याचा वेगळा व्यापारी असे. फाटक्याला कमी, दाभणाने रफू केलेल्याला मधला आणि धडक्याला पूर्ण भाव. आमच्या घरी त्या पैशांवर आईचा हक्क होता. वडिलांनी तो कधी मोडला नाही.

तरट आम्ही म्हणायचो खाली अंथरलेल्याला. तेच पोतं उसवून सपाट केलं, त्यावर हमाल बसले की ते तरट. किंतान म्हणजे जाड, दाट विणीचं, गासड्यांवर चढवतात ते. दुकानाच्या पुढे उन्हाला लावायचा पडदाही किंतानाचा. हा फरक आमच्या दुकानातला; दुसऱ्या गावी दुसरा असेल, भांडायला येऊ नका. वखारीत आणखी एक शब्द होता, 'हेसियन'. हलक्या, विरळ विणीचं तागाचं कापड. हेसन हा जर्मनीतला प्रांत, त्याच्यावरून. मला लहानपणी वाटायचं, हसन नावाच्या कोणा व्यापाऱ्याचा माल आहे.

तुमच्या वासाचं कोडं सोडवतो. ताग कडक असतो, कातताना तुटतो, म्हणून गिरणीत त्यावर तेल-पाण्याचं मिश्रण मारतात. ते खनिज तेल, म्हणून रॉकेलसारखा वास. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात ताग कातायची सुरुवात झाली तेव्हा व्हेल माशाचं तेल वापरत, कारण ते व्हेल पकडणाऱ्यांचंच बंदर. आपल्याकडे पहिली तागाची गिरणी 1855 साली कोलकात्याजवळ रिश्रा इथे निघाली. त्याआधी गोण्या नव्हत्या असं नाही, हातमागावर विणल्या जायच्या. पुढे धान्याला तेलाचा वास लागतो अशी ओरड झाली, तेव्हा भाताच्या कोंड्याचं तेल वापरायला लागले. म्हणून आताच्या पोत्याला तुमच्या बाबांच्या दुकानाचा वास येणार नाही. नाक लावून बघा.

1987 साली कायदा झाला, धान्य आणि साखर तागाच्या पोत्यांतच भरायची असा. नाहीतर प्लास्टिकने तेव्हाच सगळं गिळलं असतं. रेशनच्या दुकानात अजून तागाचं पोतं दिसतं ते त्याच्यामुळे. सिमेंट आणि खत मात्र गेलं ते गेलंच.

मास्तर, डिचोली

एक पुरवणी. दुकानदारांनी ताग म्हटलं, सगळेच म्हणतात. पण आपल्या शेतकऱ्याला विचारा, ताग म्हणजे काय. तो हिरवळीच्या खताचं, पिवळ्या फुलांचं पीक दाखवील. खरा मराठी ताग तो, त्याला सण किंवा बोरूही म्हणतात. बंगालातली जूट ही निराळी वनस्पती. गोण्या पूर्वी सण आणि अंबाडीच्या सुताच्या होत. गिरणीची पोती आली आणि जुटीला आपण जुन्या तागाचं नाव देऊन टाकलं. 'जूट' शब्दही आपल्याला परका नाही म्हणा. बंगालीतून इंग्रजीत गेला, पण मूळ जटाजूटातलं. धागे बघितले की पटतं.

दिवाडची

मी दिवाड बेटावरची. प्राथमिक शाळा मराठी, त्यामुळे इथे डोकावते. आमच्या घरी बायबल कोंकणीत, पण बाईंनी मला मराठी बायबल दिलं होतं, ते अजून आहे. त्यात गोणपाटाला 'गोणताट' म्हटलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जेवायचं ताट दिसलं. योसेफ मेला असं वाटून याकोब कपडे फाडतो आणि कमरेला गोणताट गुंडाळतो. निनवेचा राजा सिंहासनावरून उतरतो, गोणताट पांघरतो आणि राखेत बसतो. म्हणजे दुःखाचं आणि पश्चात्तापाचं वस्त्र. ते तागाचं नव्हतं, बकरीच्या केसांचं काळं, टोचणारं कापड होतं. आमचे फादर सांगायचे, टोचायला हवं म्हणूनच ते नेसत.

हिब्रूत त्याला 'सक' म्हणतात. तोच ग्रीकमध्ये 'साक्कोस', लॅटिनमध्ये 'साक्कुस', पोर्तुगीजमध्ये 'साकू', इंग्रजीत 'सॅक'. तेव्हा माई, तुमच्या काकांना थोडं समाधान द्या. पोर्तुगीज शब्द आहे, पण तो 'साकू'. गोणपाटाच्या कापडाला तर ते 'सेरापिल्येइरा' म्हणतात. हा शब्द काकांना तीनदा म्हणायला लावा, पुढे प्रश्न विचारणार नाहीत.

ओला कॉलम

शब्दाचं सगळं झालं, कामाचं कोणी बोललं नाही. माई, साइट इंजिनिअर आहे म्हणून विचारतो: पोती दिवसातून किती वेळा भिजवताय? सकाळी एकदा पाणी मारून मिस्त्री दुपारपर्यंत गायब, असं असेल तर काही उपयोग नाही. उन्हावाऱ्यात कापड दोन तासांत सुकतं, आणि सुकलेलं गोणपाट उलट काँक्रीटचं पाणी ओढतं. हाताला सतत ओलं लागलं पाहिजे. साधं सिमेंट असेल तर किमान 7 दिवस, फ्लाय अ‍ॅश असलेलं पीपीसी असेल तर 10. गोणीवर छापलेलं असतं, बघा. आणि हो, त्या प्लास्टिकच्या गोण्या गुंडाळू देऊ नका. त्या पाणी धरतच नाहीत, नुसतं नेसवल्यासारखं दिसतं.

माशेलची माई

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं वड-घडा मुलीने वहीत उतरवून घेतलंय. आता ती घरभर शब्द धरून विचारत फिरतेय, याचं मूळ एकेरी की जोड. ओला कॉलम, तुमचं वाचून लगेच मागे गेले. तीन कॉलम कोरडे खडखडीत होते आणि मिस्त्री फणसाखाली झोपलेला. सिमेंट पीपीसीच आहे. आता घरातलेच दर दोन तासांनी पाइप धरतोय.

शेजारच्या काकांना 'सेरापिल्येइरा' वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी हेच म्हणत होतो."

रात्री आईला हे सगळं सांगितलं. रेशमाचं आणि पोत्याचं नाव एकच, हे ऐकून तिला मुळीच नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी लग्नात शालू घेतला तो दोनदा नेसले. पोतं तीस वर्षं पांघरलं." मग म्हणाली, साखळीचं दुकान बंद केलं तेव्हा एक चांगलं पोतं ठेवलंय, तांब्याचा बंब त्यात बांधून माळ्यावर टाकलाय. त्यावर बाबांची खूण आहे, लाल रंगातली दोन अक्षरं, पत्र्याच्या साच्यातून उमटवलेली. बारदान बदलू नये म्हणून ते प्रत्येक पोत्यावर उमटवायचे.

सकाळी माळ्यावर चढले. बंब होता, उघडाबोडका, धूळ झटकलेला. खाली येऊन नवऱ्याला विचारलं. त्याने मानेनेच मागे दाखवलं. मिस्त्रीला एक पोतं कमी पडलं होतं म्हणे.

चौथा कॉलम. अक्षरं उलटी आलीत, पण वाचता येतात. आई तिथे खुर्ची घेऊन बसली आहे आणि त्या एकाच कॉलमवर स्वतः पाणी मारते, बाकीचे आम्ही. वास घेऊन बघितला, दुकानदार. ओल्या सिमेंटचाच येतो. दहावा दिवस पुढच्या गुरुवारी, तेव्हा सोडून, वाळवून पुन्हा हुंगेन.